युद्ध पुढे ढकलणारे गमरेकाका

अंबिकाला कोंडीराम गमरे पहिल्यांदा दिसले तेव्हा ते गुन्हा करत होते.

लालबागला मसाल्याच्या डंकांच्या वर, पहिल्या मजल्यावर, उदयप्रभा वाचनालय आहे. खाली दिवसभर मिरच्या कुटतात, त्यामुळे वर बसलेला वाचक कादंबरीच्या शेवटाने रडतो आहे की मिरचीने, हे सांगता येत नाही. फायदा एवढाच, की वाळवी कधी त्या पुस्तकांच्या वाटेला गेली नाही. अंबिका तिथे ग्रंथपाल म्हणून नुकतीच लागली होती. शेवटच्या कपाटाआड तिला खसखस असा आवाज आला. उंदीर असेल म्हणून ती झाडू घेऊन गेली, तर तिथे स्टुलावर एक वयस्कर गृहस्थ बसलेले. इस्त्रीचा पांढरा सदरा, वरच्या खिशात चष्म्याचं घर, मांडीवर पिवळ्या पानांचं एक पुस्तक, आणि त्या पुस्तकावर खोडरबर.

"काका, वाचनालयाच्या पुस्तकात लिहायला बंदी आहे."

"लिहीत नाहीये, मॅडम. खोडतोय."

"खोडून काय करणार?"

"मग लिहिणार," ते प्रांजळपणे म्हणाले. "युद्ध पुढे ढकलायचंय. मंगळवाले यंदाही आले नाहीत."

अंबिकाने पुस्तक हातात घेतलं. मुखपृष्ठावर पाण्याच्या पिंपासारखं शिरस्त्राण घातलेला एक जवान, त्याच्या मागे लाल डोंगर. आत पहिल्याच ओळीत छापलेलं साल होतं एकोणीसशे नव्व्याण्णव. त्यावर काट मारून पेन्सिलने दुसरं साल लिहिलेलं, ते खोडून तिसरं. त्या जागी कागद इतका झिजला होता की पलीकडचं अक्षर दिसत होतं.

"भविष्यातल्या युद्धाची गोष्ट भविष्यात नको का?" गृहस्थ म्हणाले. "तारीख उलटून गेली की वाचणाऱ्याला वाटतं, लिहिणारा थापाड्या आहे."

"लिहिणाऱ्याचं काय ते लिहिणारा बघेल ना?"

"बघतोच आहे," ते म्हणाले आणि खोडरबराचा चुरा तळहातावर गोळा करू लागले.

तिने दंड करायला हवा होता. पण त्यांच्या खोडरबराने कागद काळा पडत होता, ते काही तिला बघवेना. तिने आपल्या ड्रॉवरमधलं पांढरं रबर आणून दिलं.

कोंडीराम गमरे एके काळी परळच्या एका गिरणीत टाइम ऑफिसात कारकून होते. कोण किती वाजता आला, कोण आलाच नाही, कुणाच्या जागी बदली कामगार घ्यायचा, हे बघणं त्यांचं काम. नाइट स्कूलमधून मॅट्रिक झालेला हा तरुण पाळी सुटल्यावर चाळीच्या गॅलरीत बसून मंगळाच्या लढाया लिहायचा. गिरगावातल्या एका छोट्या छापखान्याने त्या सात भागांत काढल्या. पुढे छापखाना बंद पडला, गिरणी बंद पडली, उरलेल्या प्रती चौपाटीवरच्या भेळेखाली गेल्या. चाळ पाडून टॉवर व्हायची वेळ आली तेव्हा सामानात हरवतील या भीतीने गमऱ्यांनी घरचा एकुलता एक संच वाचनालयाला देऊन टाकला. त्या सात पुस्तकांपलीकडे आता जगात कुठे मंगळाचं युद्ध शिल्लक नव्हतं.

पुढची काही वर्षं ते दर बुधवारी यायचे, एक भाग परत करायचे, दुसरा न्यायचे. जानेवारी लागला की सगळ्या भागांतलं युद्ध थोडं पुढे ढकलायचे. अंबिकाला त्याची सवय झाली.

मग एके दिवशी वाचनालयाचे चिटणीस गंगाधर सोहोनी दादरहून टॅक्सीने आले. बँकेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे, पण मनाने मऊ गृहस्थ. मसाल्याने शिंका येतात म्हणून नाकाला रुमाल धरूनच बोलायचे. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांना जागा हवी होती. पाच वर्षांत जे पुस्तक कुणी घरी नेलं नाही ते रद्दीत काढायचं, असं समितीत ठरलं होतं.

सोहोनींनी मंगळाचा तिसरा भाग उघडून मागची चिठ्ठी बघितली. चिठ्ठीवर एकाच सभासदाचा क्रमांक वरपासून खालपर्यंत होता.

"हे गमरे म्हणजे लेखक गमरेच ना?" त्यांनी विचारलं. गमरेकाका समोरच उभे होते.

"हो, साहेब."

"अहो, लेखकाने स्वतःचंच पुस्तक नेणं म्हणजे उमेदवाराने स्वतःलाच मत देणं झालं."

"ते तर सगळेच देतात, साहेब."

सोहोनींना हसू आलं, पण ते रुमालामागे राहिलं. "दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी मी येतो. सातही भाग या टेबलावर पाहिजेत, आणि प्रत्येक चिठ्ठीवर दुसऱ्या कुणाचा तरी नंबर पाहिजे. संच अपुरा असेल तरी काढणार. अर्धवट युद्ध ठेवून करायचं काय?"

सोहोनी गेल्यावर गमरेकाकांनी तिसरा भाग पुसून परत कपाटात लावला. अंबिका म्हणाली, "काका, बिल्डिंगमध्ये कुणाला तरी सांगा ना वाचायला."

"मी लिहितो हे माहीत नाही कुणाला."

"एवढ्या वर्षांत सांगितलं नाहीत?"

"आत सगळी तीच माणसं आहेत, मॅडम," ते हळूच म्हणाले. "कसं सांगणार?"

त्या संध्याकाळी अंबिका पहिला भाग घरी घेऊन गेली आणि बसमध्ये इतकी हसली की शेजारची बाई सरकून बसली.

इतर युद्धकथांत जवान शूर असतात. गमऱ्यांच्या युद्धात जवान वेळेवर असतात. अवकाशयानाच्या दारात टाइमकीपर बसतो. उशीर झाला की अर्ध्या दिवसाचं युद्ध कापलं जातं. बदली सैनिक रोज सकाळी यानाच्या गेटवर डबा घेऊन ताटकळत उभे राहतात. आत कुणी गैरहजर असला, की यांना लढायला घेतात, नाहीतर बिचारे पृथ्वीवर परत. मंगळवासीयांना चार हात, म्हणून एकेक जण दोन-दोन तोफा चालवतो. त्याने दुसऱ्याचा रोजगार जातो म्हणून पृथ्वीच्या जवानांची हरकत आहे. दुपारी भोंगा झाला की दोन्ही बाजू शस्त्रं खाली ठेवतात आणि डबे उघडतात. एका मंगळवासीयाला सुका जवळा फार आवडतो. गौरी-गणपतीला निम्मी पलटण कोकणात जाते, तेवढे दिवस युद्ध बंद. चौदा एप्रिलला दोन्हीकडे सुट्टी, आणि मिरवणुकीत मंगळवासीयांचा बँड.

आणि सगळ्यांत पुढे, गाणी म्हणत, नाईक रघु कांबळे. हा रघु कोण हे अंबिकाला माहीत होतं. त्यांची बायको चंपामावशी गमऱ्यांच्याच चाळीतली, आता त्यांच्याच टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर राहणारी, आणि वाचनालयाची सभासद. रघुकाकांना जाऊन काही वर्षं झाली होती. मावशी फक्त दिवाळी अंक न्यायच्या, तेही पाककृतींसाठी.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्यावर अंबिकाला राहवलं नाही. "मावशी, हे बघा, यात तुमचे मिस्टर आहेत. मंगळावर लढतायत. पहिला भाग माझ्याकडे आहे, तुम्ही दुसरा न्या."

"आमचे हे? लढतायत?" मावशींनी पिशवी खाली ठेवली. "घरात झुरळ दिसलं तर कॉटवर चढायचे!"

चूक इथे झाली. अंबिकाने दुसरा भाग वाचलाच नव्हता.

चंपामावशींनी ही बातमी लिफ्टमध्ये सांगितली, म्हणजे आठवड्याभरात टॉवरभर झाली. लोक मसाल्याचा जिना चढून यायला लागले. कुणाचे आजोबा, कुणाची आत्या, कुणाचा तळमजल्यावरचा भाडेकरू, सगळे मंगळावर. सातही भाग बाहेर गेले. अंबिका खूश झाली. मग तक्रारी आल्या.

"आमच्या अण्णांना फक्त हवालदार? आणि तो दुसऱ्या मजल्यावरचा दीपक कॅप्टन? पाणी भरायला सगळ्यात शेवटी उठायचा तो!"

"माझी सासू मंगळाची महाराणी दाखवलीय. एकदम बरोबर आहे, पण आता नणंद बोलत नाही माझ्याशी."

गमरेकाका लिफ्ट सोडून जिन्याने ये-जा करू लागले. त्या वयात दहा मजले. तरी सातव्या मजल्यावर राहणाऱ्या राकेशने त्यांना गाठलंच आणि मंगळावर लढणाऱ्या आपल्या वडिलांना बढती मागितली.

चंपामावशी मात्र काहीच बोलल्या नाहीत. बाकीचे भाग एकेक करून परत आले. दुसरा आला नाही. अंबिकाने फोन केला.

"पुस्तक मिळणार नाही," मावशी म्हणाल्या. "ते जिवंत होतील तेव्हा देईन."

"कोण?"

"आमचे हे! पान एकसष्ट बघ. नाही, कसं बघशील, माझ्याकडे आहे. मी वाचते. 'नाईक रघुने तंबाखू थुंकण्यासाठी शिरस्त्राण काढले आणि तो मेला.' ही काय मरायची रीत झाली? आणि लेक झाल्यावर तंबाखू सोडली होती त्यांनी! सांग त्या कोंडीरामला!"

रविवार उजाडला. सोहोनी रुमालासकट आले. टेबलावर सहा भाग. कपाटाला टेकून गमरेकाका, इस्त्रीच्या सदऱ्यात, शाळेत निकालाला आल्यासारखे. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि चंपामावशी आल्या, दुसरा भाग पदराखाली घट्ट धरून.

"काय रे कोंडीराम, माझ्या नवऱ्याला मारताना लाज नाही वाटली? तुला डबा द्यायचे ते, तू बिनलग्नाचा होतास तेव्हा!"

"वैनी, गोष्टीची गरज होती," काका घायकुतीला आले. "रघु मेला म्हणून पलटण चिडते. चिडते म्हणून तिसऱ्या भागात संप. संप होतो म्हणून मंगळवालेही संपात येतात. तो नाही मेला तर पुढचं सगळं युद्ध नीट चालू राहील! पाच भाग फुकट!"

"मग राहू दे चालू."

"वैनी, तसं नाही चालत."

"मग पुस्तकही नाही मिळत."

सोहोनी मध्येच म्हणाले, "एक मिनिट. मंगळावर हवा विरळ आहे. भोंगा ऐकू कसा येतो?"

"म्हणूनच मोठा लावलाय, साहेब. पहिला भाग, पान बावीस."

"बघितलं मी. पण तरी..." सोहोनी थांबले. पहिला भाग त्यांनी मधल्या काळात घरी नेला होता, हे त्यांच्याच तोंडून निघून गेलं.

अंबिकाने गमरेकाकांकडे बघितलं. त्यांचा हात नकळत खिशातल्या पेन्सिलीकडे गेला होता आणि परत खाली आला होता. सोहोनींच्या देखत ते पुस्तकाला हात लावणार नव्हते. त्यांना रघुलाही जिवंत करता येत नव्हतं आणि पुस्तकालाही.

"काका," ती म्हणाली, "रघुकाका मेले म्हणून पलटण चिडली, की मेले असं वाटलं म्हणून?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"वाटलं तरी चिडेल की," ते सावकाश म्हणाले. "चिडायला तेवढं पुरे."

"मग ते होते कुठे?" मावशींनी विचारलं. "एवढे पाच भाग?"

"जखमी झाला. गावी पाठवला. चिपळूणला."

"पलटणीला न सांगता?"

"टाइम ऑफिसला सांगून. रजा मंजूर केली होती मी."

मावशींचा आवाज खाली आला. "चिपळूणला का? मग ठीक आहे. तिथे करमायचं त्यांना."

पुस्तकावर लिहायला बंदी होती. शुद्धिपत्र चिकटवायला नव्हती. अंबिकाने संगणकावर टाइप करून चिठ्ठी काढली: पान ६१, 'तो मेला' याऐवजी 'तो मेला असे सर्वांना वाटले' असे वाचावे. मावशींनी ती दोनदा वाचली. "'तंबाखू'च्या जागी 'सुपारी' कर," असं बजावून त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. सातवं.

सोहोनींनी चिठ्ठ्या तपासल्या आणि कपाट तसंच ठेवायला सांगितलं. जाताना दारात थबकले. "गमरे, ते सालाचं काय करताय? पान पार फाटायला आलंय. एकदाच शुद्धिपत्र लावून टाका."

"कुठलं साल टाकू, साहेब?"

सोहोनींनी एक शिंक दिली आणि विचार केला. "'पुढल्या वर्षी' असं टाका. दरवर्षी चालेल."

अंबिकाने तशा सात चिठ्ठ्या काढल्या. गमरेकाकांनी त्या स्वतः खळ लावून चिकटवल्या, आणि पांढरं रबर पुसून तिला परत केलं.

आता ते टॉवरमध्ये लिफ्टनेच जातात. बुधवारी अजूनही येतात, पण सातही भाग बाहेर असतात आणि पहिल्या भागासाठी त्यांचा नंबर राकेशच्या मावसबहिणीच्या मागे आहे. तोवर त्यांच्या कार्डावर 'उन्हाळ्यातली वाळवणं' नावाचं पुस्तक आहे, आणि त्याची मुदत त्यांनी दोनदा वाढवून घेतली आहे.