डाव्या पायाचा अंगठा

सकाळी उठलो तर डाव्या पायाचा अंगठा लालबुंद सुजलेला. चादर लागली तरी जीव कळवळायचा. घरात मी एकटाच, सांगतो कोणाला? डोणगावहून मेहकरच्या एसटीत बसलो आणि डॉक्टरला सांगायचं सगळं मनात पाठ करत गेलो: दुखणं केव्हा सुरू झालं, आदल्या दिवशी काय खाल्लं, मागच्या वर्षीही असंच कसं झालं होतं.

दवाखान्यात मी सांगता सांगता निम्म्यावर आलो तोच डॉक्टर म्हणाला, "समजलं काका. हा गाऊट वाटते. रक्त तपासून घ्या."

मला रागच आला. दोन दिवसांत मी पहिल्यांदाच कोणाशी बोलत होतो.

"अजून काही तरास?" त्यानं विचारलं.

उजवा पाय ठणठणीत होता. मी तोही पुढे केला.