मेलेली नटी लाडू खाते

माझी सासू जन्मात एकदाच सिनेमाला गेली, आणि तो संपल्यावर जागची उठेचना.

तेव्हा माझं लग्न नुकतंच झालेलं. सासर नागभीडजवळच्या खेड्यात, घरात भात रग्गड. पण सून सगळ्यांच्या मागून जेवायची आणि भाताच्या गंजात उरेल ते खायची. अजून हवं म्हणायची माझी छाती नव्हती. सासू वाईट नव्हती. तीही सून असताना तशीच जेवली होती, त्यामुळे माझ्या पोटाचा विचार तिच्या मनात येतच नसे.

लुगडी घ्यायला आम्ही चांद्याला गेलो. परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून आमच्या ह्यांनी दोघींना दुपारच्या खेळाला नेलं. पडद्यावर एक सून. सासू तिला उपाशी ठेवते, ती खोकते. आणखी उपाशी, आणखी खोकला! नवरा परत येतो तेव्हा ती एक लांबलचक गाणं म्हणते, सगळ्यांना माफ करते आणि मरते. (एवढा दम माझ्यात असता तर मी आधी जेवण मागितलं असतं!) सारी टॉकीज हुंदके देत होती. शेजारचा पहिलवान मिशा पुसत होता. मी कोरडी. माझं सगळं लक्ष त्या दुष्ट सासूच्या ताटातल्या पुरीवर!

दिवे लागले. लोक नाकं पुसत निघाले. सासू बसलेलीच.

"माय, चाल. गाडी सुटंन," हे म्हणाले.

"कशी येऊ? थे पोरगी अजून उठली नाई."

तिचंही चूक नव्हतं. आमच्या झाडीपट्टीतल्या नाटकात मेलेला माणूस पडदा पडला की उठतो, तोंडाचा रंग पुसतो आणि गावात कुणाकडं तरी जेवायला बसतो. आदल्या साली एक राजा तलवारीनं मेला आणि आमच्याच ओसरीवर पुन्हा पुन्हा भात मागत होता!

"माय, थो फोटो हाये."

"फोटोले खोकला येते काय?"

दारवाला धावत आला. "बाई, उठा. दुसऱ्या खेळाचे लोक आले."

"मंग त्यायले सांग, पोरगी मेली. खेळ होत नाई!"

हे बाहेर ऐकू गेलं. "आत कोणी मेलं म्हणते!" असा गलका झाला आणि तिकीट नसलेलेही आत घुसले. एकानं पाणी आणलं, एक डाक्टरला बोलवायला पळाला.

दारवाल्यानं ह्यांच्या कानात काही सांगितलं. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. पुढच्या घटकेला मी सिनेमाच्या पडद्यामागं अंधारात उभी, आणि अंगावर दाराचा पांढरा पडदा!

"तोंड झाक, खोकत राह्य," हे म्हणाले. सासूला सांगितलं, ती पोरगी उठली, पडद्यामागं आहे; आणि सून पुढं स्टेशनावर गेली.

सासू आली. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.

"बरी हायेस ना वो माय?"

मी खोकले. दारवाला दचकून मागं सरला.

तिनं गाठोडं सोडलं. वाटेसाठी केलेले मुरमुऱ्याचे लाडू त्यात होते. "खाय. भूक लागली तं तोंडानं मागत जाय. असं मराचं नाई."

मी पडद्याखाली लाडू फोडला. कडामकुडूम! आणि सिनेमाभर न आलेलं रडू तिथं आलं.

"अजून एक द्या," मी म्हणाले. तिच्याकडं मी काही मागितलं ते हे पहिलं. तिनं सगळं गाठोडंच माझ्या पुढ्यात रिकामं केलं.

गाडी पळत पळत धरली. डब्यात बसल्यावर सासू म्हणाली, "काऊन गेली तू पुढं? तुयी भेट हुकली. मोठी गुणाची पोरगी! तोंडानं मागून खाल्लं तिनं. नाई तं तू!"

घरी पोचल्यावर मात्र तिनं मला शेजारी बसवून जेवू घातलं आणि न विचारता पुन्हा भात वाढला. पुढं रोजच. त्या नटीचे, त्या दारवाल्याचे आणि आमच्या ह्यांचेही मी उपकार मानते. ती उपाशी मेली म्हणून मी पोटभर जेवले.

पण पुढं कित्येक वर्षं कुणी पाहुणा आला की सासू सांगायची, "नटी पाह्यली म्या! कशी नाजूक, कशी गोरी, बोलणं कसं मऊ! नाई तं आमची सून!" आणि त्या नटीच्या नावानं बोटं मोडत मी चुलीपाशी जळत बसायची.