बारा बाय अठराचा पांढरा कागद

माझ्यावर सगळ्यांत मोठं ऋण आहे ते आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांचं. हे सांगितलं की लोक विचारतात, म्हणजे तुम्ही चित्रं काढता का? नाही काढत. मी बँकेत नोकरी करतो. चित्रकलेत मी वर्गात कायम मागेच असायचो. एकदा माझा मोर बराच वेळ पाहून सरांनी गंभीरपणे विचारलं होतं, "कोंबडी छान जमली आहे, पण तिला पिसारा कशाला दिलास?"

आमचं गाव मध्य प्रदेशातल्या सौंसरकडचं, संत्र्यांचं. वडील मंडीत संत्र्यांच्या पेट्या उचलायचे. घरात कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. शाळेत सरांच्या तासाला एकच नियम होता. ड्रॉइंगचा कागद हातात आला की आधी पट्टीने चारी बाजूंनी समास आखायचा. वर आणि दोन्ही बाजूंना सारखा, खाली बोटभर जास्त. "चित्राला उभं राहायला जमीन लागते," असं सर म्हणायचे. समास न आखता कोणी पेन्सिल टेकवली तर ते कागद काढून घ्यायचे. मुलं कंटाळायची. मी मात्र समास फार मन लावून आखायचो, कारण त्या कागदावर मला जमण्यासारखं तेवढंच होतं.

बारावी झाल्यावर वडिलांनी मला मंडीत लावायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर घरी आले. आमच्या बाजेवर बसले, पाणी प्यायले आणि वडिलांना म्हणाले, "तुमच्या पोराला चित्र काढता येत नाही."

वडील म्हणाले, "सर, ते मला माहीत आहे. म्हणून तर मंडीत लावतो."

"पण हा पोरगा समास आखल्याशिवाय पेन्सिल टेकवत नाही. आधी जागा मोजतो, मग हात लावतो. अशा माणसाला पेट्या उचलायला लावू नका. त्याला कॉलेजात पाठवा."

वडिलांना त्यातलं किती कळलं, मला माहीत नाही. पण एक शिकलेला माणूस आपल्या पोरासाठी चालत घरापर्यंत आला, हे त्यांना कळलं. मी पदवीधर झालो तो त्या बाजेवरच्या बोलण्यामुळे.

बँकेने मला जबलपूरला पाठवलं. विजय नगरात एका घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहू लागलो. खाली घरमालकीण काकू एकट्याच. त्यांचं घराणं इथे कितीतरी पिढ्यांपासूनचं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि फोनवर दोन्हीची खिचडी. काका जाऊन काही वर्षं झाली होती. मी त्यांना पाहिलेलं नाही. फॅक्टरीत नोकरी करून उरलेला सगळा वेळ त्यांनी मराठी मंडळाला दिला, एवढं मला येता-जाता कळलं होतं.

मंडळाचं सभागृह जुन्या शहरात, कमानिया गेटच्या मागच्या गल्लीत आहे. तिथे एका भिंतीवर मंडळासाठी खपलेल्या माणसांचे फोटो ओळीने लावलेले आहेत. सगळ्या फ्रेम एकाच मापाच्या, बारा इंच बाय अठरा इंच. या वर्षी वर्धापनदिनाला काकांचा फोटो त्या ओळीत लावायचा असं ठरलं. काकूंनी त्या दिवसासाठी इस्त्री केलेलं पातळ आधीच काढून ठेवलं होतं. अडचण एकच होती. काकांचा फोटोच नव्हता.

"मंडळाचे एवढे कार्यक्रम झाले, एकात पण नाही?" मी विचारलं.

"कसे असतील बेटा? फोटो निघायच्या वेळेला हे खुर्च्या लावून राहिले असायचे, नाहीतर उचलून राहिले असायचे. लग्नाचा एक होता, त्याला वाळवी लागली. हा बघ, एवढाच आहे."

तो एका कार्यक्रमाचा समूहफोटो होता. मधे हार घातलेले पाहुणे, बाजूला पदाधिकारी, आणि अगदी कडेला, फोटोत यायचं की नाही हे न ठरलेला एक माणूस. बुशशर्ट घातलेला, बगलेत गुंडाळलेली सतरंजी, चेहरा कॅमेऱ्याकडे पण पाय जायला निघालेले. चेहरा करंगळीच्या नखाएवढा.

काकूंबरोबर मी बडा फुहारा चौकाजवळच्या एका स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाल्याने चेहरा तेवढा कापून फ्रेमच्या मापाला ताणून दाखवला. काका लांबट आणि धुरकट झाले. काकूंनी नकारार्थी मान हलवली. तेव्हा तो म्हणाला, "माताजी, चिंता मत करो. चेहरा निकाल के कोट-टाई वाली बॉडी पे बिठा देंगे. सब यही कराते हैं. एकदम साहब लगेंगे."

त्याने लगेच बसवूनही दाखवलं. काळा कोट, लाल टाय, रुंद खांदे, आणि वर काकांचा धुरकट चेहरा.

काकूंनी विचारलं, "भैया, ये धड किसका है?"

"किसी का नहीं माताजी. रेडीमेड आता है."

"किसी का तो होगा. उसकी बीवी को दिखाना. मैं तो नहीं पहचानती."

बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "मंडळाच्या भिंतीवर तिघांच्या अंगावर हाच कोट आहे. तू पाहिलं नाही काय? एकाच दिवशी एकाच दुकानातून शिवून आणल्यासारखे बसले आहेत. यांनी जन्मात टाय लावला नाही. असं लावण्यापेक्षा न लावलेलं बरं."

मंडळाचे कार्यवाह समजूतदार माणूस, पण त्यांना ओळ बिघडलेली चालणार नव्हती. ते म्हणाले, "चलो, मग असं करू वहिनी. फोटोच्या जागी पितळेची पाटी लावू. नाव सुंदर कोरून घेऊ."

काकू म्हणाल्या, "नाव तर रेशन कार्डावर पण आहे, भाऊजी. मला त्यांना तिथं पाहायचं आहे."

रविवारपर्यंत फोटो झाला तर फोटो, नाहीतर पाटी, असं ठरलं.

फोटोंचं मला जेवढं कळतं ते बँकेमुळे. ग्राहकांचे फोटो आणि सह्या स्कॅन करून मापात कापायचं काम सुरुवातीला माझ्याकडे होतं. त्यासाठी फोटो बघायचं एक छोटं सॉफ्टवेअर आहे, तेच माझ्या लॅपटॉपवरही आहे. लोक ते फोटो बघायलाच वापरतात. उघडलं, बाणाचं बटण दाबलं, पुढचा फोटो. मीही तेच करत आलो होतो. शनिवारी दुपारी बँकेतून आल्यावर मी तो समूहफोटो स्कॅन केला आणि त्यात मोठा करायला लागलो. थोडा मोठा केला की बरा दिसे, फ्रेमएवढा केला की काका पुन्हा धुरात जात. काकू शेजारी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. "राहू दे बेटा," त्या म्हणाल्या, "यांना मोठं व्हायची सवय नाही."

त्यांनी हे हसत म्हटलं, पण उठून त्या खाली निघून गेल्या.

मी स्क्रीनकडे बघत बसलो आणि मला एकदम सरांचा तास आठवला. आम्ही सगळे, स्टुडिओवाला, कार्यवाह आणि मीसुद्धा, माणसाला फ्रेमएवढा करायला बसलो होतो. आधी चित्र हातात घेऊन मग त्याला कागदावर ताणत होतो. सरांनी माझ्या हातातला कागद केव्हाच काढून घेतला असता.

मग मी त्या सॉफ्टवेअरचा मेनू पहिल्यांदा नीट वाचला. त्यात नवीन कोरं चित्र तयार करायची सोय होती. इतकी वर्षं ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला वाटायचं की फोटो बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी फोटो असावा लागतो. मी ती दाबली. एक लहान चौकट आली. रुंदी किती, उंची किती, इंचाला किती ठिपके, मागचा रंग कोणता. अगदी सर विचारत असल्यासारखे प्रश्न. मी रुंदी बारा इंच, उंची अठरा इंच, इंचाला तीनशे ठिपके आणि रंग पांढरा भरला. स्क्रीनवर एक कोरा कागद आला. त्यावर काहीच नव्हतं, आणि मला इतका आनंद झाला की मी जिन्यातून काकूंना हाक मारली.

त्या वर आल्या. "काय झालं?"

"कागद झाला, काकू."

"काहून रे, यावर तर काहीच नाही."

"अजून नाही."

पहिल्या प्रयत्नात मी समूहफोटोतून काकांचा भाग कॉपी केला आणि कोऱ्या कागदावर पेस्ट केला. कागद गायब झाला आणि नुसता फोटो राहिला. दुसऱ्यांदाही तेच. मग लक्षात आलं की त्या सॉफ्टवेअरला फोटो कुठे ठेवायचा ते आधी चौकट आखून सांगावं लागतं, नाहीतर ते सगळा कागद फोटोलाच देऊन टाकतं. चौकट वाकडीतिकडी आखली तर फोटो ताणला जातो. म्हणून मी पेन्सिल आणि पट्टी घेतली आणि वहीच्या पानावर हिशेब मांडला. फोटो किती मोठा केला तर स्वच्छ राहतो, ते पाहिलं. साधारण हाताच्या पंजाएवढा. मग वर किती जागा, बाजूंना किती, आणि खाली वरच्यापेक्षा थोडी जास्त. मोजून चौकट आखली आणि पेस्ट केलं.

काका कागदाच्या मधे उभे राहिले. पूर्ण. बुशशर्ट, बगलेत सतरंजी, जायला निघालेले पाय. त्यांच्या चारी बाजूंना इतकी पांढरी जागा होती, जितकी त्यांना कुठल्याही कार्यक्रमात मिळाली नसेल.

काकू स्क्रीनच्या अगदी जवळ गेल्या. पदराने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "सतरंजी राहू दिली तू," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "चहा ठेवते," आणि उठल्या नाहीत.

रविवारी सकाळी छापून, फ्रेम करून आम्ही सभागृहात गेलो. कार्यवाहांनी फ्रेम हातात घेतली आणि लांब धरली. "एवढा पांढरा कागद? लोक म्हणतील, मंडळाकडची शाई संपली काय?"

मी म्हणालो, "साहेब, एकदा ओळीत धरून पाहा."

त्यांनी फ्रेम भिंतीला टेकवून ठेवली आणि मागे गेले. ओळ बिघडत नव्हती, माप तेच होतं. पण चेहरा लांबून दिसेना, म्हणून ते पुढे आले. आणखी पुढे आले. खिशातून चष्मा काढला. "अरे," ते हळू म्हणाले, "ही तर आपली निळी सतरंजी."

मग त्यांनी खाली पाहिलं. आम्हीही पाहिलं. तीच सतरंजी आमच्या पायांखाली अंथरलेली होती, कडेला विरलेली, पण निळा पट्टा तोच. कार्यवाह नकळत तिच्यावरून बाजूला झाले.

"वहिनी," ते म्हणाले, "खिळा कुठं ठोकू सांगा."

वर्धापनदिनाला मी एका कोपऱ्यात उभा राहून पाहत होतो. कोट-टायवाल्या तिघांसमोरून लोक नमस्कार करून पुढे जात होते. काकांच्या फोटोजवळ मात्र प्रत्येकाला जावं लागत होतं, वाकून पाहावं लागत होतं, आणि जवळ गेलेला माणूस काही तरी आठवून शेजारच्याला सांगत होता. काकू इस्त्रीच्या पातळात शेजारी उभ्या होत्या, कोणी विचारलं तर सांगायला. मला त्या दिवशी माझ्या पदवीचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा पदवी हातात घेतानाही वाटला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी सरांना पत्र पाठवलं.

आदरणीय सर,

नमस्कार. मी तुमचा विद्यार्थी, ज्याचा मोर कोंबडीसारखा आला होता तो. आता जबलपूरला बँकेत आहे. आई-वडील बरे आहेत. वडील अजूनही लोकांना सांगतात की सर आमच्या बाजेवर बसले होते.

सोबत एका भिंतीचा फोटो पाठवतो आहे. उजव्या टोकाची शेवटची फ्रेम बघा. चित्र माझं नाही, पण कागद मी केला आहे. कॉम्प्युटरवर केला, तरी आधी पट्टीने मोजला. आतले गृहस्थ माझ्या घरमालकीण काकूंचे यजमान. फोटो लहान आहे, भिंग घेऊन बघावं लागेल.

सर, खाली बोटभर जागा जास्त सोडली आहे. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. काकू काल फ्रेमसमोर उभ्या राहून मला म्हणाल्या, "बघ, कसे नीट उभे आहेत."

तुमचा विद्यार्थी