थोरल्याची आई

"दोन पोरी शेतस, इतलंच सांग."

आई स्वयंपाकघरातून मावशीशी फोनवर बोलत होती. मावशीनं माझ्यासाठी जवळच्या भेस्तानचं एक स्थळ आणलं होतं आणि मंडळी रविवारी येणार होती. बाहेरच्या खोलीत लॅपटॉपवर माझं काम चालू होतं. मला ऐकू गेलं हे आईला कळलं असावं, कारण त्यानंतर तिनं आवाज खाली घेतला.

पोरी दोनच, हे खरं होतं. पण माझ्याआधी दादा होता. गेल्या वर्षी त्यानं स्वतःला संपवलं. ओळखीच्यांना आम्ही ‘अटॅक आला’ असं सांगितलं होतं. नव्या माणसांना तेवढंही सांगायचं नाही, असं आता ठरत होतं. घरात असं झालंय म्हटल्यावर पोरींची लग्नं अडतात, ही आईची भीती. ती उगाच होती असंही मला म्हणता येत नाही.

पर्वत पाटिया भागातल्या एका ऑफिससाठी मी परदेशी कुटुंबांचे इतिहास इंग्रजीत लिहून देते. कुणाशी बोलावं लागत नाही, म्हणूनच ही नोकरी धरली. त्या आठवड्यात माझ्या वाट्याला एकोणिसाव्या शतकातला एक अमेरिकन आला होता. चामडं कमावण्याचा कारखाना काढून तो पैसेवाला झाला, मग बँकेत गेला, मग गावाचा महापौर झाला. गावात नळाचं पाणी त्यानंच आणलं. वर्तमानपत्रांच्या कात्रणांत त्याच्या दाढीचंसुद्धा कौतुक होतं. त्याच्या बायकोचं नाव मात्र मला कुठंच सापडलं नाही. सगळीकडे नवऱ्याच्या नावापुढे ‘मिसेस’, एवढीच ती.

थोरला मुलगा वडिलांच्याच कारखान्यात होता. तो ऐन तिशीत गेला. गावच्या पत्रात छापलं होतं, ‘अचानक निधन’. शेजारच्या गावच्या पत्रानं आडपडदा न ठेवता त्यानं स्वतःला संपवल्याचं छापलं होतं. त्याला पुरलं त्याच आठवड्यात महापौर नगरपालिकेच्या सभेत पाण्याच्या पाइपांवर बोलला. वाचताना वाटलं, केवढा दगड असेल हा माणूस. मग बाबा आठवले. दादाचं दहावं उरकून ते त्याच रात्री कापडाच्या लूमवर कामाला गेले होते. तिथं इतका आवाज असतो की कुणी काही विचारत नाही.

मुलाचं काय करायचं, असं मी ऑफिसातल्या सरांना मेसेजवर विचारलं. त्यांनी लगेच कळवलं, एका ओळीत उरक, त्या कुटुंबाला समारंभात वाटायला पुस्तक हवंय. मी ‘अचानक निधन’च ठेवलं. वाक्य एका दमात लिहून झालं. सवयीचंच होतं ते.

त्या बायकोचा विचार मात्र डोक्यातून जाईना. तिला गावात कोण कशी हाक मारत असेल? आमच्या उधन्याच्या गल्लीत आईला तिच्या नावानं कुणीच ओळखत नाही. दादाचं नाव घेऊन त्याची आई म्हणत. तो गेल्यावर बायका काही दिवस नुसतं ‘ओ ताई’ म्हणायच्या. मग कुणीतरी माझं नाव लावलं आणि तेच रुळलं. त्या हाकेला आई अजूनही लगेच ओ देत नाही. आधी क्षणभर थांबते.

रविवारी मंडळी आली. मुलगा माझ्याइतकाच गप्प होता. त्याची आई बोलकी. माझ्याकडे बघत तिनं मावशीला विचारलं, "इंग्लिश शाळामा शिकेल पोर, कयनानी भाकर खाई का?" सगळे हसले. कळण्याची भाकर मला आवडते, असं आईनं सांगितलं. आवडत नाही खरी, पण मीही हसले. बाबांना नीट ऐकू येत नाही, तेही इतरांकडे बघून हसले. मला ती बाई आवडली, आणि त्यानं भीती जास्तच वाटली.

चहा झाल्यावर तिनं सहज आईला विचारलं, "हाई तुमनी मोठी पोर शे ना?"

मावशीनं आईकडे पाहिलं. फक्त ‘हो’ म्हणायचं होतं, आणि ते खोटंही झालं नसतं. आईनं पदर सारखा केला. तोंड उघडलं. हाक आल्यावर थांबते तशीच थांबली, पण या वेळी पुढे काही आलंच नाही. मावशी बिस्किटांची बशी पुढे सरकवायला लागली.

इंग्रजीत ‘सुइसाइड’ हा शब्द मी इतर कुटुंबांच्या टिपणांत कितीदा तरी टाइप केला होता. मराठीत एकदाही उच्चारला नव्हता, घरात तर नाहीच. धाकटी दाराशी उभी होती. तिचंही लग्न व्हायचं होतं, हे मला दिसत होतं.

मी म्हणाले, "मुलींत मी मोठी. पण आईचा थोरला माझा दादा. गेल्या वर्षी त्यानं जीव दिला."