आबांची फील्ड टेस्ट

डोळ्यांची तपासणी ही परीक्षा नसते, हे माझ्या वडिलांच्या गळी उतरवण्याइतकं वैतागवाणं काम मी आजवर केलेलं नाही.

आबा आईसोबत असोद्याला राहतात, मी जवळच जळगावात. मोटारसायकलवर त्यांची रोज शहरात फेरी. वाचायचा चष्मा बदलायला म्हणून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, तर डोळ्यांतला दाब वाढलेला निघाला. डॉक्टरबाईंना काचबिंदूची शंका आली. मोतीबिंदूसारखी याच्या पिकण्याची वाट बघायची नसते. दाबामुळे डोळ्यामागची नस हळूहळू मरते, नजर कडेकडून जाते, आणि दुखत काहीच नसल्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही. किती गेली आहे ते कळायला फील्ड टेस्ट. एक डोळा झाकून यंत्रातल्या मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कडेला कुठे उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं.

आबा बाहेर आले ते पेपर सोपा गेल्यासारखे. "एकबी सोडला नाही!"

मागोमाग टेस्ट घेणारी मुलगी आली. "आबा, उजेड नसतानाही दाबत होतात तुम्ही. ही धरता येणार नाही, पुन्हा करावी लागेल."

"थोड्या थोड्या येळानं येतेच ना व माय तो उजेड. मी अंदाज धरला."

"अंदाज कशाला धरायचा?" मी म्हणाले.

"मंग नापास होऊ का? नापास झालो का तू गाडीची चाबी काढून घेशीन. ओयखतो मी तुले!"

खोटं नव्हतं. तो बेत मी मनात पक्का केलेला होता.

हा आजार घराण्यातून येऊ शकतो, म्हणून मी माझे डोळे त्याच दिवशी तपासून घेतले. ते ठीक निघाले. धुळ्याच्या भावाला फोन केला.

"अक्का, मला साधा चष्मा नाही. डोळे कशाला दाखवू?"

"आबांनाही काहीच होत नव्हतं."

"बघू पुढच्या महिन्यात." आमच्या घरातल्या पुरुषांचा पुढचा महिना कधी उजाडत नाही.

दुसऱ्या टेस्टच्या दिवशी मी दारातच आबांना सांगितलं, "चावी मी मागणार नाही. पण दिसेल तेव्हाच दाबा." या वेळी त्यांनी तसंच केलं. डाव्या डोळ्याची कडेची नजर बरीच गेलेली निघाली. गेली ती परत येत नाही, डॉक्टरबाई म्हणाल्या. उरलेली टिकवायला रोज रात्री थेंब, न चुकता, आणि गाडी बंद.

"तू शबद देल्हता," आबा माझ्यावर उखडले.

"मी दिला होता. डॉक्टरांनी नाही."

त्यांनी खिशातली चावी चाचपली. मग म्हणाले, "गाडी उभी राहीन. पण चाबी माह्या खिशात राहीन."

आता ते बसने येतात, खिशात चावी घेऊन. रात्री मी फोन करते.

"थेंब टाकला?"

"टाकला."

"डोळ्यात पडला का?"

"मंग काय कानात पडला?"

"आई, तू पाहिलंस का?"

मागून आईचा आवाज येतो, "गालावर पडला त्यायच्या. थांब, मीच टाकते."