हळदीच्या खोलीतली मांजर

वसमतहून साखर कारखान्याकडे जाताना वस्ती संपते तिथं एक नवं स्लॅबचं घर आहे. त्या घरात मी कामाला राहते. घरात माणसं दोनच, आबा आणि मी. आबांना लकवा मारला, उजवा हात-पाय गेला, बोलणं तुटक झालं. आबांचा मुलगा पुण्याला असतो, मी त्यांना दादा म्हणते. त्यांनी मग चोवीस तास राहणारं माणूस शोधलं. माझा मामा कारखान्यावर फिटर आहे, त्यानं माझं नाव सांगितलं. मी कोकणातली, खाडीकाठची. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. हिंगोली जिल्हा कुठं आहे हे मला नकाशात दाखवता आलं नसतं, आणि आले ती थेट तिथंच आले.

कामाला लागताना मी एकच गोष्ट बोलून घेतली होती. धाकट्या बहिणीचं लग्न ठरत आलंय, तेवढ्याला मला जाऊ द्या. दादा म्हणाले, "जाशील की. घर नीट असलं म्हणजे झालं."

व्हरांड्याच्या जाळीच्या चॅनल गेटला कायम कुलूप. चोऱ्यांची भीती. किल्ली माझ्या कमरेला, म्हणजे कोंडलेली मी आणि कोंडणारीही मीच. भाजी घ्यायची तर जाळीतून हात बाहेर काढून घ्यायची. हॉलमध्ये छताला पांढरा कॅमेरा आहे, त्यातून दादा पुण्यावरून बघतात आणि बोलतातही. "ताई, आबांची दुपारची गोळी?" असा आवाज वरून आला की पहिले काही महिने माझ्या हातातलं भांडं पडायचं. दादा वाईट नाहीत. पगार वेळेवर देतात. वहिनींनी माझ्यासाठी नवी गादी पाठवली, असली गादी आमच्या घरात कुणाला मिळाली नव्हती. हे सगळं मी रोज मनात म्हणते. तरी संध्याकाळी जाळीला नाक लावून उभी राहिले की रस्त्यावरून जाणारी प्रत्येक एसटी आपल्या गावची वाटायची. एकही नसायची.

निघताना आईनं सुकट दिली होती, डबा भरून. घरात पाऊल ठेवल्यावर आबांच्या गळ्यातली तुळशीची माळ दिसली आणि तो डबा बाहेर निघालाच नाही. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून बॅगेच्या तळाशी ठेवला. कधीतरी दार लावून झाकण उघडायचं, वास घ्यायचा आणि परत लावायचं. एवढंच.

मागच्या बाजूला आबांचा गोठा होता. बैल केव्हाच विकले गेलेले. त्या रिकाम्या गोठ्यात एक राखाडी मांजर राहायची. माणूस दिसलं की फिस्स करून कौलावर. दादांनी गोठा पाडायला मजूर लावले, आणि मांजर उघड्यावर आली. दोनच दिवसांत कुत्र्यांनी तिला गाठलं. ओरडणं ऐकून मी जाळीपाशी धावले, तर ती जाळीच्या खालच्या फटीतून घुसून व्हरांड्यात आली होती, मागचा पाय रक्तानं भरलेला. कुत्री बाहेर, ती आत, आणि मला बघून तिच्या अंगावरचा केस न् केस उभा.

आबा कॉटवर होते. मी आल्यापासून ते व्हय-न्हाईच्या पुढं फारसं बोलले नव्हते. जेवण म्हटलं की मान वळवायचे. त्या दिवशी मात्र डावा हात उचलून म्हणाले, "तिला... आत... घे."

मी घोंगडं टाकून तिला धरलं आणि हळदीच्या खोलीत कोंडलं. भाव येईल म्हणून दादांनी हळदीची पोती त्या खोलीत लावून ठेवलेली. खोलीला एक बारीक खिडकी, तिलाही जाळी.

वरून आवाज आला. "ताई, ते काय आत नेलंस?"

मी सांगितलं. आबांनी सांगितलं म्हणून, हे दोनदा सांगितलं.

"जंगली मांजर आहे ती. आबांना बोचकारलं तर? बघ, तुझ्या जबाबदारीवर. काही झालं तर बहिणीच्या लग्नाला जाणं राहूच दे, नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

दादांचं काही चूक नव्हतं. पण एका मांजरीच्या नखांवर माझी नोकरी आणि बहिणीचं लग्न, दोन्ही जाऊन बसलं.

जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर येऊन पाय बांधून, सुई टोचून गेले. म्हणाले, हिला घरातच ठेवा, बाहेर कुत्री सोडणार नाहीत. पाय सुधारला. मांजर सुधारली नाही. दिवसभर पोत्यांच्या मागं, उरलेल्या वेळी खिडकीच्या जाळीला नखं लावून लोंबकळायची. दूध ठेवलं तर माझी पाठ वळल्याशिवाय शिवायची नाही. हळदीच्या धुळीनं तिची पोटाकडची बाजू पिवळी झाली होती. ती जाळी ओरबाडायला लागली की तो आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू यायचा आणि माझे दात शिरशिरायचे. वाटायचं, सोडून द्यावं. मग कुत्री आठवायची.

आबांना रोज तिची खबर द्यावी लागायची. मी म्हटलं, "आबा, ती काय ऐकेना."

"बांध," आबा म्हणाले.

"मांजर कुणी बांधतं का?"

"नवं... जनावर... खुंट्याला... चार दिवस. मंग घर त्याचं." एवढं बोलून ते दमले, पण डोळे हसत होते. आयुष्यभर त्यांनी बाजारातून आणलेला प्रत्येक बैल असाच घरचा केला होता. मला कुठलं काय माहीत. आमच्याकडं गुरं कमी, मासे जास्त, आणि मासे कुणी बांधत नाही.

सुतळीला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळून मऊ गळपट्टा केला. मांजर पोत्यात धरून आणली, आबांच्या कॉटच्या पायाला बांधली. क्षणभर ती नुसतीच बसली. मग तिनं हवेत अशी उडी मारली की सुतळीनं तिला मध्येच खाली आपटलं. पुन्हा उडी. गोल गोल फिरून सुतळी पायात, कॉटमध्ये, स्वतःच्या मानेत अडकवून घेतली. जीभ बाहेर. आबा ओरडत होते, "सोड! सोड!" आणि वरून दादा ओरडत होते, "ताई, काय चाललंय तिथं? ताई!" मी सुरी आणली आणि तिला एका हातानं दाबून सुतळी कापली. सुटता सुटता तिनं मनगटापासून कोपरापर्यंत माझा हात फाडला आणि हळदीच्या खोलीत पळाली.

आबांची मान खाली गेली. "बैल न्हाई ती," म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दादांना वरून माझी पाठच दिसली होती; मांजर सुटून गेली, एवढंच सांगून मी लांब बाह्यांचा ड्रेस घातला. कॅमेऱ्याला हात दिसू नये म्हणून हॉलमधली भांडीसुद्धा डाव्या हातानं उचलली. पण शेजारच्या काकू दूध द्यायला आल्या आणि जाळीतून पातेलं घेताना बाही वर सरकली.

"अग्गं! मांजर व्हय? आन् लपवून काहून राहिली?"

"दादांना कळलं तर काढतील."

"काढतील मंग काढतील. कुत्र्यावरची सुई घ्यावी लागती ह्याला. मेलीस तर आबाला कोण बघंल, मी?"

काकू मला ओढतच सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. त्यांची सून तेवढा वेळ आबांजवळ बसली. दादांचा फोन आलाच. मी सगळं खरं सांगितलं, सांगताना रडले. ते म्हणाले, "आबांना तर लागलं नाही ना?" नाही म्हटल्यावर, "बरं. सगळ्या सुया घे, मधली सोडू नको. पैसे मी देतो." मला काढलं नाही. मी किती वेळ त्यांचे आभार मानत राहिले. फोन ठेवल्यावर जाणवलं, हात दुखतोय का, हे कुणी विचारलं नव्हतं. मग स्वतःचीच लाज वाटली. एवढं केलं त्यांनी, आणखी काय पाहिजे?

दुसऱ्या दिवशी आबांनी नवी रीत सांगितली. तुटक शब्द जोडून जोडून मला कळलं ते असं: बांधून नाही झालं, तर एकाच हातानं चारायचं. नवा बैल आणला की ते दुसऱ्या कुणाला वैरण टाकू द्यायचे नाहीत, बायकोलाही नाही. त्या हाताचा वास म्हणजेच घर. कापड टाकून ठेवायचं आपलं, घामाचं.

मी माझी ओढणी खोलीत टाकली. आणि बरोबर डबा नेला.

झाकण उघडलं तशी पोत्यांच्या मागं हालचाल झाली. मी दाराशी तिच्याकडं पाठ करून बसले आणि चिमूटभर सुकट मागं टाकली. खूप वेळानं कुरुमकुरुम आवाज आला. वळून बघायची हिंमत झाली नाही. त्या वासात डोळे मिटून बसले आणि ओहोटीची खाडी समोर आली, आईची सुकत घातलेली जाळी, बहिणीचं हाडहूड करून कावळे हाकलणं. मांजरीसाठी बसले होते की माझ्यासाठी, ते मला आजही सांगता येत नाही.

रोज तेच. चिमूट जवळ जवळ येत गेली. मग ती तळहातावरून खायला लागली. तिची जीभ खरखरीत, आणि माझ्या हातावरच्या ओरखड्यांच्या शेजारीच ती चाटायची. एक दिवस दार उघडं राहिलं तर ती हॉलमध्ये आली, पांढऱ्या फरशीवर पिवळी पावलं उमटवत, आणि आबांच्या कॉटखाली बसली. आबांनी श्वास रोखून धरला. "आली," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून ते स्वतः जेवण मागू लागले.

वास लपणार थोडाच. आबांनी नाक मुरडलं होतं, पण विचारलं काही नाही.

बहिणीच्या लग्नाची तारीख धरली. दादांनी शब्द पाळला, चार दिवस काकू राहतील म्हणाले. काकूंना सवय व्हावी म्हणून आधी दोन दिवस मांजरीला त्यांनीच खायला घातलं. त्याच डब्यातलं, त्याच ताटलीत. मांजर पोत्यांच्या मागं गेली ती बाहेर आलीच नाही. ताटलीला मुंग्या लागल्या. तिसऱ्या वेळी काकूंनी हात पुढं केला तर तिनं फिस्स करून पंजा मारला.

"ही बया तुलाच मालकीण समजती," काकू म्हणाल्या. "मला न्हाई जमायचं, बाई."

मांजर उपाशी, म्हणून आबा उपाशी. कॅमेरा बोलला, "ताई, आबा असे राहिले तर कसं व्हायचं? जरा पुढं ढकलता येईल का जाणं?"

लग्न पुढं कसं ढकलणार? मी हळदीच्या खोलीत जाऊन बसले, मांजर लगेच मांडीला येऊन टेकली, आणि मला तिचा राग आला. खराखुरा राग. मी तिला घरची केली आणि तिनं मला खुंट्याला बांधलं. जाळीच्या खिडकीतून रस्त्याचा तुकडा दिसत होता. आम्ही दोघी तिकडं बघत बसलो.

बाहेर आले तर आबांनी हाताची खूण केली. जवळ ये.

"माझी... बहीण गेली. मातीला... न्हाई जाता आलं. बैल खात नव्हता दुसऱ्या हातानं." मग म्हणाले, "आण. डबा."

"आबा, त्यात सुकट आहे. मासळी."

"म्हाईत हाय. नाक... न्हाई गेलं माझं."

"तुमची माळ..."

"माळ माझ्या गळ्यात हाय. सुकट तिच्या तोंडात." काकू तोंडाला पदर लावून हसल्या. आबांनी त्यांच्याकडं डोळे वटारून पाहिलं. "हसती काय? धर, टेकू दे मला."

काकूंनी त्यांना उठवून बसवलं. मी माझी ओढणी त्यांच्या डाव्या हाताला गुंडाळली, बोटं तेवढी मोकळी ठेवली, आणि तळहातावर चिमूट ठेवली. लकव्यानंतर त्या डाव्या हातानं त्यांनी स्वतःचा घासही घेतला नव्हता, मीच भरवायचे. अर्धी सुकट गादीवर सांडली. मांजर हळदीच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून बघत राहिली. पहिल्या वेळी आली नाही. संध्याकाळीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम मोरीत जाऊन कडी लावून घेतली, म्हणजे माझा वास फक्त त्या ओढणीत राहील. आत उभी राहून मी नळ सोडला आणि बंद केला, सोडला आणि बंद केला.

"पोरी," आबांचा आवाज आला. हळू, जणू कुणी झोपलंय. "चाटून राहिली."

निघायच्या दिवशीही त्यांनीच चारलं, तेव्हा ओढणी नुसती मांडीवर होती. मी बॅग उचलली. डबा मागं राहिला, ओढणी मागं राहिली. किल्ली काकूंना दिली. मी बाहेर पाऊल टाकलं आणि काकूंनी आतून कुलूप लावलं. तो आवाज मी रोज ऐकायचे, पण नेहमी आतल्या बाजूनं. मला वाटलं होतं मोकळं वाटेल. गोळ्या कुठल्या डब्यात ते सांगितलं का? गॅस? मी परत वळून जाळीला धरून उभी राहिले, रोज संध्याकाळी उभी राहायचे तशीच, फक्त उलटी.

आत कॉटवर आबा, कॉटखाली मांजर. काकू पाण्याचा तांब्या नि साबण घेऊन आबांच्या हाताशी आल्या होत्या. आबांनी बोटं नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं.

"तुझं गाव... लई वास मारतंय, पोरी."

"आबा, हात धुवा ना मग."

"धुतो," म्हणाले. "तू जा. एसटी चुकंल."

रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी बसले. वळणापर्यंत मागं बघत होते. काकू साबण धरून तशाच उभ्या होत्या, आणि आबांनी हात अजून पुढं केलेला नव्हता.