न झोंबणारे थेंब

माझ्या सासऱ्यांना काचबिंदू आहे. डोळ्याचं प्रेशर आटोक्यात राहावं म्हणून रोज थेंब घालावे लागतात, आणि ते थेंब त्यांना फार झोंबायचे. डोळे कायम लाल. मी शिरूरजवळच्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये आहे. तेच औषध प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे औषध टिकवणारं रसायन, न घालता बनवायच्या कामावर आम्ही होतो, कारण डोळा चुरचुरतो तो बहुतेक त्यामुळंच. पण ते काढलं की उघड्या बाटलीत जंतू वाढणार. म्हणून बाटलीला असं तोंड बसवलं, की थेंब बाहेर पडतो, पण हवा गाळल्याशिवाय आत जात नाही. पहिल्या तपासणीत एकही जंतू निघाला नाही, तेव्हा मलाच पटेना. सगळं पुन्हा करायला लावलं.

औषध बाजारात आल्यावर यवतच्या डॉक्टरांनी ते सासऱ्यांना, म्हणजे मामांना, लिहून दिलं. राहू गावातल्या घरी पडवीत बसून त्यांनी पहिला थेंब घातला आणि वाट बघत राहिले.

"झोंबत न्हाई."

"तेच तर पाहिजे, मामा."

"मग हे पानी हाय. कंपनीवाले काय बी भरत्यात."

"मी स्वतः तपासलंय."

"तुला पगार कोन देतं?"



पुढच्या खेपेला गेले तर त्यांचा उजवा डोळा स्वच्छ, डावा लालच. मी सासूबाईंना गाठलं. त्या हळूच म्हणाल्या, "उजव्यात तुमचं घालत्यात, डाव्यात जुनं. सांगू नको म्हनलेत."

आमच्या औषधात खरंच काही कमी असलं, तर उजवा डोळा न दुखता, न कळता जाणार होता. मामांना लगेच यवतला नेलं. प्रेशर दोन्हीकडं सारखं, आटोक्यात.

"मशीन बी यांच्याच लोकांचं आसंल," मामा बाहेर येऊन म्हणाले.

मग दौंडचा डॉक्टर त्यांनीच निवडला. मी कुठं काम करते हे तिथं सांगायचं नाही, अशी अटही घातली. त्या डॉक्टरांनी प्रेशर मोजलं, तेही तेवढंच भरलं. त्यांनी विचारलं, "आजोबा, डावा डोळा एवढा लाल कशानं?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. "जुन्या थेंबानं," म्हणाले.

परतताना जीपमध्ये ते स्वतःहून बोलले. "आता दोन्हीत नवं घालतो. पन पुढल्या महिन्यात परत मोजायचं."

मी हो म्हणाले. मलाही परत मोजून बघायचंच होतं.